तीन इंचांचा शिकारी मासा मोठा होतो तेव्हा

२०२३च्या एप्रिलमध्ये भोपाळच्या मोठ्या तलावात एक विचित्र मासा सापडला. अंग माशाचं आणि तोंड थेट मगरीचं. पुढच्याच महिन्यात श्रीनगरच्या दल सरोवरातही तसाच एक निघाला. दोन्ही अ‍ॅलिगेटर गार, मूळ गाव अमेरिकेतलं मिसिसिपीचं खोरं. त्याआधी २०१८च्या महापुरानंतर केरळात चालकुडी नदीत अ‍ॅमेझॉनमधला अरापायमा लोकांच्या जाळ्यात आला होता. एवढ्या लांबून हे मासे पोहत आलेले नाहीत. कुणीतरी पैसे मोजून आणले, काचपेटीत नाहीतर तळ्यात वाढवले आणि मग ते एकतर निसटले किंवा सोडून दिले गेले.

बातमी वाचून आपण हळहळतो, पण क्रॉफर्ड मार्केट किंवा कुर्ल्याच्या दुकानांतून एक चक्कर मारली तर या बातम्यांची सुरुवात प्लॅस्टिकच्या पिशवीत पोहताना दिसते. बोटाएवढा अरोवाना, पांढऱ्या पोटाचा आणि लांब मिशांचा रेडटेल कॅटफिश, लाल पोटाचा ‘पिराना’. दुकानदार म्हणतो, ‘चार फुटी टाकीत आरामात राहील.’ आज राहील, हे खरंच आहे. पुढचं तो सांगत नाही आणि आपण विचारत नाही.

‘शिकारी मासा’ म्हणजे नक्की कोणता?

जो मुख्यतः दुसरे जिवंत प्राणी खाऊन जगतो, तो शिकारी. यातले जे फूटभराच्या पुढे वाढतात त्यांना शौकीन मंडळी ‘मॉन्स्टर फिश’ म्हणतात. शिकारीच्या तऱ्हा मात्र वेगवेगळ्या असतात. रुपेरी अरोवाना पाण्याच्या अगदी वरच्या थरात फिरतो. त्याचा खालचा जबडा वर वळलेला असतो आणि हनुवटीवर दोन मिशा पुढे काढलेल्या असतात. अ‍ॅमेझॉनच्या पूरपट्ट्यातल्या झाडांवरचे किडे तो पाण्याबाहेर झेप घेऊन टिपतो. पेटीवर झाकण नसेल तर हीच झेप त्याला हॉलच्या फरशीवर आणून टाकते. घरातले अरोवाने मरण्याच्या नेहमीच्या कारणांपैकी हे एक.

रेडटेल कॅटफिशचा कारभार तळाशी. तो पाठलागाच्या फंदात पडत नाही. दिवसभर पडून असतो आणि अंधार पडला की तोंड उघडतो. त्या तोंडात पाणी ओढलं जातं आणि पाण्यासोबत समोर जे असेल ते. शेजारचा मासा, गोटे, कधी हीटरची काचेची नळीसुद्धा. आपल्या जवळजवळ निम्म्या लांबीचा सोबती गिळून, पोट ताणलेल्या अवस्थेत सकाळी निवांत पडलेला रेडटेल पाहिला की ‘लहानपणापासून एकत्र आहेत, काही करणार नाही’ हा समज संपतो. शिकारी माशाच्या लेखी सोबती असा प्रकार नसतो. तोंडात मावतं आणि मावत नाही, एवढीच त्याची वर्गवारी.

जाता जाता, दुकानातला लाल पोटाचा ‘पिराना’ बहुतेक वेळा पिराना नसतोच. तो असतो पाकू, म्हणजे मासळीबाजारात रूपचंद म्हणून विकला जातो तो. ओळखायचा तर तोंड पाहा. पिरानाचे दात करवतीसारखे त्रिकोणी असतात, पाकूचे माणसाच्या दाढांसारखे बोथट, फळं-बिया फोडायला बनलेले. आणि ज्याला दुकानात ‘शार्क’ म्हणतात तो चकचकीत, लाजाळू मासा शार्कच्या लांबच्या नात्यातलाही नाही. तो पंगास, ज्याचे काटे काढलेले तुकडे हॉटेलात ‘बासा’ म्हणून ताटात येतात. पूर्ण वाढीला तो चार फुटांचा होतो. हे दोघे खरे शिकारी नाहीत, पण पुढचं सगळं त्यांनाही लागू आहे.

मासा टाकीच्या मापाएवढाच वाढतो ना?

हा या छंदातला सगळ्यात चिवट गैरसमज. मासा टाकीचं माप घेत नाही. माशांची बहुतेक कुळं आयुष्यभर थोडी थोडी वाढत राहतात. लहान टाकीत वाढ खुंटलेली दिसते तिचं कारण साचलेली घाण, ताण आणि अपुरी हालचाल. खुंटलेल्या माशाचा कणा वाकतो, अंग बेढब होतं आणि तो वयाच्या मानाने खूप लवकर जातो. मालकाला वाटतं, ‘बघा, टाकीपुरताच वाढला.’

नीट खाऊपिऊ घातलं तर काय होतं? रेडटेल पहिल्या वर्षभरात दीड-दोन फुटांवर जातो आणि पुढे मीटरच्या वर. १.३५ मीटरपर्यंत वाढल्याची नोंद आहे. रुपेरी अरोवाना ९० सेंटिमीटरच्या आसपास जातो. अ‍ॅलिगेटर गार तर विचारूच नका: २०११मध्ये मिसिसिपी राज्यात सापडलेला गार साडेआठ फुटांच्या जवळपास आणि ३२७ पौंडांचा, म्हणजे दीडशे किलोंच्या घरातला होता.

फसगत होते ती लांबीकडे बघण्यामुळे. तीन इंचांचा मासा चोवीस इंचांचा झाला तर आपण म्हणतो आठपट वाढला. पण तो लांबीत आठपट, रुंदीत आठपट आणि जाडीतही आठपट वाढलेला असतो. वजन वाढतं आठ गुणिले आठ गुणिले आठ, म्हणजे ५१२ पट. अन्न आणि घाण यांचा संबंध लांबीशी नाही, या वजनाशी आहे. (मोठा मासा वजनाच्या प्रमाणात थोडं कमी खातो, त्यामुळे घाण अगदी ५१२ पट होत नाही. पण शेकड्यांतच मोजायची.)

पाणी तर स्वच्छ दिसतंय, मग मासा का मेला?

कारण विष दिसत नाही. मासे शरीरातला नको असलेला नायट्रोजन मुख्यतः कल्ल्यांवाटे, अमोनियाच्या रूपात बाहेर टाकतात. नायट्रोजन येतो प्रथिनांतून. शेवाळ कुरतडणाऱ्या माशापेक्षा मांसाहारी माशाच्या खाण्यात प्रथिनं कितीतरी जास्त, म्हणून त्याचा अमोनियाही जास्त.

हिशोब करून बघू. शिकारी माशांसाठीच्या १०० ग्रॅम गोळ्यांत ४० ग्रॅम प्रथिनं धरा. प्रथिनांत साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे साडेसहा ग्रॅमच्या आसपास. त्यातला निम्मा जरी पाण्यात उतरला तरी तीन ग्रॅमच्या वर. चार फूट बाय दीड बाय दीडच्या टाकीत मावतं सुमारे २५५ लिटर पाणी. म्हणजे लिटरमागे बारा-तेरा मिलिग्रॅम. अमोनियाचं मुक्त, विषारी रूप लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅम झालं की कल्ल्यांना इजा व्हायला लागते.

मग मासे जगतात कसे? फिल्टरमधल्या जिवाणूंमुळे. सोसायटीच्या सेप्टिक टँकमध्ये जसे डोळ्यांना न दिसणारे जीव फुकटात राबत असतात, तसेच इथेही. एक जमात अमोनियाचं नायट्राइट करते, तेही विषारीच. दुसरी त्याचं नायट्रेट करते, जे मासा बऱ्याच प्रमाणात सहन करतो. या सगळ्याला नायट्रोजन चक्र म्हणतात. ही वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात. काल टाकी घेतली, आज मासा सोडला, दहा दिवसांनी मेला, यामागे नजर लागलेली नसते. वस्ती जमलेली नसते. आणि फिल्टरचा स्पंज चकाचक करायचा म्हणून नळाखाली धरला की नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जमलेली वस्तीही मारून टाकतं. स्पंज धुवायचा तो टाकीतूनच काढलेल्या पाण्यात.

आपल्याकडच्या दोन गोष्टी इथे नडतात. पहिली बोअरवेल. दख्खनच्या काळ्या खडकातलं पाणी बहुधा जड आणि अल्कधर्मी असतं. पाण्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्क मोजायचा आकडा, ७ वरून ८ वर गेला की अमोनियाचा विषारी हिस्सा जवळजवळ दहापट होतो. पुण्याच्या नळाच्या पाण्यात निभावलेला मासा टँकरचं पाणी सुरू झाल्यावर आजारी पडतो तो बरेचदा यामुळे. दुसरी गोष्ट उन्हाळा. २० अंश तापमानाच्या पाण्यात लिटरमागे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना साडेसात. त्यात वीज गेली की हवेचा पंप बंद आणि फिल्टरही बंद. नागपूर-अकोल्याकडच्या मे महिन्यात दुपारी चार तास वीज गेली तर छोट्या गप्पीचं निभेल, दोन फुटी माशाचं अवघड आहे.

उरतं नायट्रेट. ते काढायचा घरगुती उपाय एकच, पाणी बदलणं. मोठ्या शिकारी माशाचं आठवड्याला तीसेक टक्के पाणी बदलावं लागतं.

मग मोठी टाकी घेतली की झालं?

प्रौढ अरोवान्याला शौकीन लोक किमान आठ फूट लांब, तीन फूट रुंद टाकी सांगतात. रुंदी महत्त्वाची, कारण माशाला वळायला जागा लागते. दीड फूट रुंदीच्या टाकीत अडीच फुटी मासा दर वेळी स्वतःला दुमडून वळतो. उंची अडीच फूट धरली तर टाकी झाली साठ घनफुटांची. पाणी सतराशे लिटर, म्हणजेच सतराशे किलो. वर १२ मिलिमीटरची काच, लोखंडी स्टँड, खालचा फिल्टरचा हौद. सगळं मिळून दोन टनांच्या घरात.

आता स्लॅबकडे बघा. राहत्या खोल्यांची जमीन बांधताना आपल्या भारतीय मानकानुसार दर चौरस मीटरला २०० किलो वापराचा भार धरतात. पाण्याचा भार मोजायची सोपी युक्ती अशी: पाणी जेवढे सेंटिमीटर खोल, त्याच्या दसपट किलो दर चौरस मीटरवर. अडीच फूट म्हणजे ७६ सेंटिमीटर, म्हणून ७६० किलो. मानकाच्या जवळजवळ चौपट, आणि रात्रंदिवस एकाच जागी.

याचा अर्थ स्लॅब उद्या कोसळेल असा नाही. तो २०० किलोंचा आकडा सगळ्या खोलीवर पसरलेला धरतात, त्यात सुरक्षेची जागा असते, आणि बीमवर किंवा भिंतीलगत ठेवलेला भार खोलीच्या मध्यावरच्या भारापेक्षा बरा पेलला जातो. तळमजल्याला खाली भराव असेल तर प्रश्नच बराच हलका होतो. पण चौथ्या मजल्यावरच्या वीस-पंचवीस वर्षं जुन्या इमारतीत असा निर्णय अ‍ॅक्वेरियमवाल्याने घ्यायचा नसतो, स्ट्रक्चरल इंजिनियरला विचारायचा असतो. पुढे काढलेल्या बाल्कनीत तर विचारायचंही नाही.

आणि ते तीस टक्के पाणी? सतराशेतले पाचशे लिटर, दर आठवड्याला. ज्या सोसायटीत एप्रिलपासून नळाला तासभर पाणी येतं तिथे हे पाचशे लिटर आणायचे कुठून, हा प्रश्न माझ्या मते काचेच्या जाडीपेक्षा आधी विचारायला हवा. काढलेलं पाणी झाडांना उत्तम, पण ते पुरेल एवढी बाग फ्लॅटमध्ये कुणाकडे असते?

जिवंत मासे घातले नाहीत तर तो उपाशी मरेल?

नाही. शिकार हा बघणाऱ्याचा शौक असतो, माशाची गरज नव्हे. खायला घालण्यासाठी स्वस्तातले गोल्डफिश आणतात, त्यांच्या अंगात ‘बी-१’ जीवनसत्त्व मोडणारं विकर (एन्झाइम) असतं. रोज तेच खाणाऱ्या माशाला या जीवनसत्त्वाचा तुटवडा होतो. शिवाय गर्दीच्या टाकीतून आलेले हे मासे रोगही सोबत आणतात. चिकन आणि मटणाच्या चरबीचं पचनही माशाला नीट जमत नाही. बहुतेक शिकारी मासे लहानपणीच गोळ्यांची सवय लावली तर गोळ्या खातात. अधूनमधून कोळंबी, माशाचे तुकडे द्यावेत. मोठ्या माशाला रोज खायला लागत नाही, आठवड्यातून दोन-तीनदा पुरतं. पाहुण्यांना दाखवायला म्हणून केलेल्या दोन ज्यादा खेपा सरळ अमोनियात जातात.

वास्तूसाठी ठेवलाय, आता कायद्याचं काय?

अरोवाना ‘ड्रॅगन फिश’ म्हणून भरभराट आणतो आणि घरावरचं संकट स्वतःवर घेऊन मरतो, असं विकणारे सांगतात. हा दुसरा भाग धंद्याला फार सोयीचा आहे, कारण मासा कशानेही मेला तरी गिऱ्हाईक दुकानदाराशी भांडत नाही, नवा घेऊन जातं.

या श्रद्धेचा मूळ मानकरी आशियाई अरोवाना. लालभडक किंवा सोनेरी, बोर्निओ-सुमात्रा-मलाया भागातला, निसर्गात धोक्यात आलेला. १९७५पासून तो ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय वन्यजीव व्यापार कराराच्या पहिल्या, म्हणजे सगळ्यात कडक यादीत आहे. परवानाधारक शेतांत पैदास केलेले मासे अंगात मायक्रोचिप घालून, कागदपत्रांसह विकले जातात. भारतात २०२२मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा बदलला आणि १ एप्रिल २०२३पासून या कराराच्या याद्यांमधले प्राणी त्याच्या चौथ्या अनुसूचीत आले. फेब्रुवारी २०२४मध्ये नोंदणीचे नियम निघाले. आधीपासून असा प्राणी बाळगणाऱ्यांना केंद्राच्या परिवेश पोर्टलवर नोंद करायला सहा महिने दिले होते. नवा आणला तर तीस दिवसांत नोंद करायची. मासा मेला, विकला, भेट दिला तरी कळवायचं. तेव्हा बिलाशिवाय आणि कागदांशिवाय मिळणारा ‘सुपर रेड’ अरोवाना कितीही स्वस्त असो, त्याच्यासोबत घरात काय येतंय ते समजून घ्यावं. भरभराट तर नक्कीच नाही.

‘माझ्याकडे तीन वर्षं आहे, मजेत आहे’

असं सांगणारे खोटं बोलत नाहीत. अ‍ॅलिगेटर गार हा मासा हवेतला प्राणवायू घेऊ शकतो, म्हणून ज्या पाण्यात दुसरे मासे तरंगायला लागतात तिथे तो तग धरतो. ऑस्कर नावाचा शिकारी मासाही बऱ्यापैकी काटक. पण तगणं म्हणजे मजेत असणं नव्हे. काचेलगत तेच ते येरझार मारणं, कोपऱ्यात तोंड घासून नाकावर जखम, पंखांच्या कडा झडलेल्या, रंग फिका, या खुणा शोधा. आणि मोठ्या माशांच्या आयुष्यात तीन वर्षं म्हणजे शाळेचं वय. रेडटेल पंधरा वर्षं सहज जगतो. २०११चा तो गार तर नव्वदी पार केलेला असावा, असा अंदाज होता.

मग शिकारी मासा पाळूच नये का?

पाळावा की. फक्त पूर्ण वाढीचा आकार बघून निवडावा. ऑस्कर फूट-सव्वा फुटावर थांबतो. एकट्याला चार-पाच फुटी, तीनशे लिटरच्या पुढची टाकी आणि तगडा फिल्टर दिला तर तो मालकाला ओळखतो, खाण्याच्या वेळी काचेशी येऊन उभा राहतो, दगड हलवून आपलं घर हवं तसं लावून घेतो. आसामकडचा चन्ना ब्लेहेरी, आपल्या मरळाचा रंगीत आणि बुटका भाऊबंद, वीतभरही होत नाही. त्याला घट्ट झाकण हवं आणि झाकणाखाली हवेची फट, कारण मरळ वर येऊन हवा घेतो.

माझी स्वतःची आवड विचाराल तर सगळ्यात छोटा. केरळ-कर्नाटकातल्या नद्यांमधला बुटका पफर, जेमतेम साडेतीन सेंटिमीटरचा. गोगलगाय दिसली की तो आधी थांबतो. दोन डोळे वेगवेगळे फिरतात, मग दोन्ही तिच्यावर रोखले जातात, शेपटी किंचित वळते आणि पुढच्या क्षणी शंखात दात. बघणाऱ्याला हवं ते सगळं नाट्य एका छोट्या, हिरव्यागार टाकीत. निसर्गात याची संख्याही घटतेय, म्हणून पैदास केलेलाच मागावा.

पण माझ्याकडे दोन फुटी रेडटेल आहेच, त्याचं काय करू?

नदीत, तलावात, विहिरीत, गणपतीच्या हौदात, कुठेही सोडायचा नाही. उजनीच्या मच्छीमारांना विचारा. शेवाळ साफ करतो म्हणून घरोघरी टाकीत आलेला सकर मासा आज त्यांच्या जाळ्यात येतो, त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात आणि त्याला बाजारात भाव शून्य. तो तर शिकारीही नव्हता.

घेणारा शोधायचा तर आधी ज्याच्याकडून आणला त्याला विचारा. काही दुकानदार मोठा मासा परत घेतात, पैसे देत नाहीत. मोठं बंदिस्त तळं असलेले शौकीन शहरागणिक असतात, मात्र असं तळं पुरात नदीला मिळणारं नसावं. चालकुडीची गोष्ट आठवा. सार्वजनिक मत्स्यालयांवर भिस्त ठेवू नका, हाच मासा द्यायला त्यांच्याकडे आधीच बरेच जण येऊन गेलेले असतात. कुणीच घेत नसेल आणि मासा पेटीत वळूही शकत नसेल, तर जलचरांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडून त्याला गुंगीच्या औषधाने शांतपणे मरण देणं हा कटू पण सरळ मार्ग आहे. लवंगेच्या तेलातला युजेनॉल हा घटक त्यासाठी वापरतात.

मग कुणीतरी विचारतंच, ‘त्यापेक्षा कालवण का नको?’ काचपेटीतल्या माशाला आयुष्यात कधी ना कधी पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावरचं औषध पडलेलं असतं. त्यातलं मॅलाकाइट ग्रीन खाण्याच्या माशांना वापरायला मनाई आहे, कारण ते मांसात उतरून राहतं. तेव्हा कालवणाला बाजारातलाच मासा आणा.